मंडईच्या दिवशी गप्प झालेला शेअर

दिवाळी आटोपली आणि गावोगावी मंडईचे फलक झळकू लागले की इतरांना नाटक आठवतं, मटणाचा रस्सा आठवतो. मला एका शेअरचा आलेख आठवतो. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, जंगलातल्या चौकीवर रात्री जागवून झाल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही घटना मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजी आठवेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, मंडई म्हणजे गावाचा सण. भाऊबीज झाली की एकेका गावाचा एकेक दिवस ठरतो. त्या दिवशी लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुपारी बाजार भरतो, दंडार हा नाच-गाण्यांचा लोकखेळ होतो आणि रात्री नाटक. ज्या गावाची मंडई, त्या गावात त्या दिवशी कामाचं नाव कुणी काढत नाही. मी मूळचा गोंदियाशेजारच्या भंडारा जिल्ह्यातला. लहानपणी आमच्या मोहल्ल्यातली आम्ही पोरं मंडईसाठी वर्षभर एकेक रुपया साठवायचो आणि पिपाणी नि जिलेबी यांतच तो उडवायचो. नोकरीत शिरल्यावर मंडई माझ्यासाठी फक्त बंदोबस्त झाली. लोक नाटक बघत आणि मी नाटक बघणाऱ्यांना.

निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना माझी बदली गोंदियाला आर्थिक गुन्हे शाखेत झाली. हातातली काठी काढून चष्मा दिला, असं आमच्यात म्हणायचे. कार्यालय म्हणजे दोन खोल्या, फायलींनी भरलेली लोखंडी कपाटं, उन्हाळ्यात आवाज जास्त नि वारा कमी देणारा कूलर आणि दाराशी माठ. माझ्या हाताखाली एक महिला हवालदार होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, तोंडानं फटकळ, कामाला चोख. त्या मला साहेब म्हणायच्या, पण चहा किती प्यायचा हे त्याच ठरवायच्या.

एका उन्हाळ्यात गोंदियाला लागूनच्या फुलचूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक तक्रार घेऊन आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. त्यांना मी गुरुजी म्हणतो.

"साहेब, मी काही लोभानं गेलो नाही," त्यांनी सुरुवातच अशी केली. फसवणुकीच्या तक्रारीत हे वाक्य पहिलं येतं, मी ते ऐकून घेतो. "मी अभ्यास करून गेलो."

गुरुजी मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये होते. ग्रुपचं घोषवाक्य होतं, 'वॉल्यूम खोटं बोलत नाही'. त्यात रोज एका लहानशा, दूरच्या राज्यातल्या कंपनीच्या शेअरचं चित्र यायचं. भाव थोडा थोडा चढत होता आणि खाली वॉल्यूमचे दांडे उंच उंच होत होते.

"वॉल्यूम म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं. न समजलेलं विचारून घ्यायची मला कधी लाज वाटली नाही.

"दिवसभरात किती शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेले, तो आकडा," गुरुजींनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "भाव चढला, पण वॉल्यूम नाही, तर ती चढण कच्ची. भावाबरोबर वॉल्यूमही वाढला, तर समजायचं की खूप लोक घेऊन राहिले, चढण पक्की. हे पुस्तकातही आहे. मी रोज स्वतः आकडे तपासले. ग्रुपवर सांगत होते ते खरंच होतं. मग घेतले."

दिवाळीनंतर त्यांनी निवृत्तीचा पैसा त्यात टाकला. संक्रांतीनंतर शेअर पडू लागला. रोज सकाळी भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेवर जाऊन अडकायचा. विकणारे रांगेत उभे आणि घेणारा एकही नाही.

"एवढे हजारो घेणारे होते, साहेब. ते एका दिवसात गेले कुठे?"

या प्रश्नात सगळा गुन्हा होता, फक्त तेव्हा मला तो दिसला नाही. गुरुजींसारखे आणखी कितीतरी निघाले. आम्ही गुन्हा नोंदवला, दलाल कंपन्यांना पत्रं धाडली, माहिती मागवली. उत्तरं यायला वेळ लागला. ती आली तेव्हा चित्र विचित्र होतं. शेअरची बहुतेक खरेदी-विक्री मोजक्या खात्यांतच आपसात झालेली. खाती सगळी आमच्याच जिल्ह्यातल्या बायकांची. एक तिरोड्याची, एक देवरीची, एक आमगावकडची, अशा दहा-बारा जणी. आडनावं वेगळी, गावं वेगळी, जाती वेगळ्या. कागदावर एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. आणि शेवटी भाव शिखरावर असताना जी प्रचंड विक्री झाली, ज्यात गुरुजींसारख्यांच्या गळ्यात शेअर पडले, ती सगळी एकाच खात्यातून. ते खातं होतं नागझिऱ्यालगतच्या एका गावातल्या बाईचं. ती अभयारण्यात पर्यटकांना फिरवणारी गाईड होती.

"जंगलात वाघ दाखवणारी बाई शेअरचा बाजार हलवते?" हवालदार बाईंनी कागद माझ्यापुढे टाकला. "माझ्या नवऱ्यानं घेतलेले चार शेअर वर जात नाहीत."

त्याच सुमाराला माझा एक जुना खबऱ्या आला. गोंदियाच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं त्याचं छोटं दुकान होतं. तो कधी सरळ मुद्द्यावर येत नसे, आधी उन्हाला शिव्या घालायचा. त्या दिवशी शिव्या आटोपून म्हणाला, "साहब, एक अजीब गिऱ्हाईक आहे. जुने फोन थोक में नेते. एकदम दहा-बारा. म्हणते, कैसा भी चलेगा, सिम बसला पायजे आन् नेट चाललं पायजे."

"कोण?"

"दर टाइम नवा पोरगा येते. नगद देते. नाम पूछा तो हँसते."

दहा-बारा बायका आणि दहा-बारा फोन. मला कळून चुकलं की ही सगळी खाती कुणा एकाच्या मुठीत आहेत. पण खबऱ्याच्या बोलण्यावर न्यायालय चालत नाही. कागद बाईकडे बोट दाखवत होता आणि वरिष्ठांचा आग्रह होता की कागद बोलतो आहे तर अटक दाखवून मोकळे व्हा. वर्तमानपत्रात रोज काही ना काही छापून येत होतं. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि गाईड बाईंना चौकशीची नोटीस धाडली.

त्या आल्या त्या गणवेशातच. पस्तिशीच्या असतील. रापलेला चेहरा, खांद्याला पाण्याची बाटली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या. हवालदार बाई शेजारी बसल्या.

"हे खातं तुमचं?"

"नाव माहंच हाय."

"शेअर म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाई."

"मग हे विकले कुणी?"

"मीच इकले असन, साहेब."

माझ्या पुढ्यात आयुष्यभर माणसं 'मी नाही, मी नाही' म्हणत आली. चोरीचा माल बगलेत असतानाही म्हणत आली. गुन्हा काय आहे हे कळायच्या आधीच जो 'मीच' म्हणतो, तो स्वतःला नाही, दुसऱ्याला वाचवत असतो. हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

"कागदपत्रं कुणाला दिली होती का? आधार, पॅन?"

"नाई."

"तुमच्या नावाचं दुसरं सिम कुणाकडे आहे?"

"नाई ठाऊक."

बाकीच्या बायकांना आम्ही एकेक करून बोलावलं, तर त्याही तशाच. कुणी रडली, कुणी भांडली, नाव कुणीच घेतलं नाही. सगळ्यांनी मिळून शपथ घेतल्यासारखं. आणि त्या तर एकमेकींना ओळखत नाहीत, असा आमचा समज.

मी गाईड बाईंना समजावलं की गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव लागलं तर गाईडचं कार्ड जाईल. ते कार्ड त्यांना सहज मिळालं नव्हतं. त्याआधी त्या मोहफुलं वेचायच्या, तेंदूपानं तोडायच्या. गाईडच्या परीक्षेला बसल्या तेव्हा गावातले पुरुष हसले होते, हे त्यांनी हवालदार बाईंना बाहेरच्या बाकावर सांगितलं होतं. वनविभाग दरवर्षी चारित्र्याचा दाखला मागतो आणि तो दाखला आम्हीच देतो.

"जाऊन राहिलं तं जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि नखानं टेबलाची कड खरवडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. गोंदियाचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. कूलर बंद पडला, फायली चिकटू लागल्या आणि हवालदार बाई हाताला लागेल त्या कागदानं वारा घेऊ लागल्या. तो कागद त्या शेअरच्या आलेखाचा होता. वर भावाची रेघ, खाली वॉल्यूमचे दांडे. मी समोर बसून त्यांच्या हातातल्या वर-खाली होणाऱ्या कागदाकडे रिकाम्या डोक्यानं बघत होतो.

"थांबा जरा," मी म्हणालो. "हात थांबवा."

उंच उंच दांड्यांच्या ओळीत मध्येच एक जागा जवळजवळ रिकामी होती. भरल्या तोंडात एक दात पडावा तशी. त्याच्या आधीच्या दिवशी दांडा उंच, नंतरच्या दिवशी उंच, मध्ये जेमतेम एक ठिपका.

"त्या दिवशी बाजाराला सुट्टी असेल."

"सुट्टी असती तर तो दिवस आलेखात आलाच नसता, साहेब." त्यांनी मोबाइल काढून पाहिलं. "बाजार चालू होता. बाकीचे शेअर नेहमीसारखेच."

मी कागद हातात घेतला. ग्रुप सांगत होता की देशभरातले हजारो लोक हा शेअर घेत आहेत. हजारो लोकांत कुणाकडे लग्न असेल, कुणी आजारी असेल, कुणाचा बैल हरवला असेल. पण सगळे एकाच दिवशी गैरहजर कसे? गर्दी अशी एकदम रजेवर जात नाही. एकदम रजेवर जातं ते घर. फार तर गाव.

"वार कोणता? सण काही होता?"

"सण नाही. भाऊबीज होऊन गेली होती." त्या थांबल्या. "त्या आठवड्यात मी इथे नव्हते, साहेब. सालेकशाकडे बंदोबस्ताला पाठवलं होतं. मंडईच्या."

मला, का कोण जाणे, पिपाणीचा आवाज आठवला. आमच्या गावच्या मंडईला शिक्षक शाळा सोडून द्यायचे, दुकानदार दुकान बंद करायचा आणि एरवी मजुरी चुकवायला कधीही तयार नसलेला माझा बापसुद्धा धुतलेलं धोतर नेसून मला खांद्यावर घ्यायचा. झाडीपट्टीचा माणूस लबाड असो की साधा, आपल्या गावची मंडई तो चुकवत नाही.

"या बायकांची माहेरं कोणती?" मी विचारलं.

"कागदावर बाईचं सासरच असतं, साहेब," हवालदार बाई म्हणाल्या. "माहेर विचारतो कोण?"

त्यांनी फोन हातात घेतला आणि एकेकीला लावला. गुन्ह्याचं अक्षर काढलं नाही. फक्त माहेर विचारलं. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. सगळ्याजणींचं माहेर सालेकशाच्या जंगलातलं एकच गाव. वेगवेगळ्या तालुक्यांत दिलेल्या त्या एकाच गावच्या लेकी होत्या. कुणीतरी गावच्या लेकींची नावं पिशवीत गोळा केली होती आणि शेअर एकीच्या नावावरून दुसरीच्या नावावर फिरवत होता. बैलबाजारात तीन भावांनी एकच बैल आपसात तीनदा विकावा आणि बघणाऱ्यानं म्हणावं की आज बाजार जोरात आहे, तसा हा प्रकार. बैल मुळात गोठ्यातून हललाच नव्हता.

गाईड बाईंना मी पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर फायल ठेवली नाही. चहा मागवला.

"तुमच्या माहेरची मंडई मोठी असते म्हणे," मी म्हणालो.

त्यांनी दचकून वर पाहिलं, मग चेहरा सैल झाला. माहेरची गोष्ट काढली की बाई बोलते. "मोठी म्हंजे काय साहेब, आजूबाजूच्या धा गावचे लोकं येते. आमच्याकडची दंडार पाहा तुमी एकडाव. माहे माय-बाप नाई आता, पन गल्लीतल्या कोनत्याबी घरी जा, ताट तयार असते."

"मागच्या मंडईला नाटक कोणतं होतं?"

"नाटक तं भाऊनं आनलं होतं. पुरा खर्चा त्याचाच. सख्खा नाई, गल्लीतला भाऊ. फुलचूरले क्लास घेते न तो, शेअरचा. क्लासचे पोरंबी घेऊन आला होता, पंगतीत वाढाले." त्या हसल्या. "शहरातले पोरं, रस्सा सांडून राहिले होते सारे."

"गावात फोन लागतो का?"

"कायचा लागते? टॉवरच नाई. डोंगरीवर चढा लागते."

आणि त्या थांबल्या. हातातला कप खाली ठेवला. मी आलेखाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हे उंच दांडे म्हणजे तुमच्या आणि तुमच्या गावच्या लेकींच्या नावानं रोज झालेली खरेदी-विक्री. आणि हा दिवस बघा."

त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"मंडई," त्या म्हणाल्या.

मग सगळं हळूहळू आलं. भाऊबीजेला तो सगळ्या बहिणींच्या घरी जायचा. ओवाळणी घालायचा आणि म्हणायचा, तुझ्या नावानं खातं काढतो, दर महिन्याला काहीतरी देत जाईन. आधार, पॅन, नवं सिम सगळं त्यानं नेलं. पैसे खरंच येत होते. त्याच पैशातून गाईड बाईंनी परीक्षेची पुस्तकं घेतली होती.

"मग त्याचं नाव का लपवलं?"

"त्याचं नाव घेतलं तं माहेर तुटते, साहेब." आता त्या रडत होत्या, पण आवाज स्थिर होता. "माय नाई, बाप नाई. मंडईले बोलावनारा तोच एक. गल्ली काय म्हनन मले? कार्ड गेलं तं पुन्हा मोहा येचीन. माहेर कुठून आनू?"

मी फक्त जे दिसत होतं ते सांगितलं. "शेवटची सगळी विक्री त्यानं तुमच्या खात्यातून काढली. बाकी बहिणींच्या नाही. एकट्या तुमच्या."

"माह्याच काऊन?"

"तुम्हीच सांगा."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. सगळ्यांत न बोलणारी कोण, हे त्या भावाला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, माठातलं पाणी मागितलं, ते पूर्ण प्यायलं आणि हवालदार बाईंना म्हणाल्या, "लिहा."

पुढचं काम सरळ होतं. दोन पंच घेऊन फुलचूरला छापा घातला. किराणा दुकानाच्या वरची खोली, भिंतीवर फळा, फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'वॉल्यूम खोटं बोलत नाही'. आतल्या खोलीत लाकडी फळीवर जुने मोबाइल ओळीनं चार्जिंगला लावलेले. प्रत्येकाच्या पाठीवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी आणि पट्टीवर एकेका बहिणीचं नाव. एका फोनवरून विकायचं, दुसऱ्यावरून घ्यायचं, असा दिवसभर उद्योग. पंचनामा करताना माझ्या हवालदार बाईंनी त्या पट्ट्यांकडे पाहून जी शिवी दिली, ती मी न ऐकल्यासारखं केलं.

सर, म्हणजे तो भाऊ, चाळिशीच्या आतला, बोलण्यात गुळगुळीत. सुरुवातीला घाबरला नाही.

"साहब, खरीदना-बेचना जुर्म है क्या? वॉल्यूम सबको दिखता है. मैंने किसी का हाथ पकड़ के बोला क्या, कि लेव?"

"नाही बोललात," मी म्हणालो. "मंडई मात्र छान झाली म्हणे तुमची."

त्याला काही कळेना. मी कागद पुढे केला आणि रिकाम्या जागेवर पेनाचं टोक ठेवलं. तो बघत राहिला. शेअरचा बाजार कोळून प्यायलेला माणूस होता, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरला आणि शहरातली हिंदीही गळून पडली.

"एकच दिवस गेलो होतो, साहेब."

"एखादा पोरगा मागे ठेवायचा होता."

"पोरं म्हनाले, आमालेबी मंडई पाहाची हाय." मग माझ्याकडे न बघता, "आन् मंडई कोन सोडते?"

मला त्याचा राग आला होता आणि येतो. गावच्या लेकींच्या विश्वासावर त्यानं धंदा मांडला, आणि जिच्या गप्प राहण्याची खात्री होती तिलाच पुढे केलं. तरी हे शेवटचं वाक्य तो खरं बोलला, हे मला नाकारता येत नाही.

खाती गोठवली, दोषारोपपत्र गेलं, गाईड बाई आरोपीच्या रांगेतून साक्षीदाराच्या रांगेत आल्या. कार्ड राहिलं. गुरुजींना न्यायालयाच्या वाटेनं काही रक्कम परत मिळाली, सगळी नाही. ते अधूनमधून भेटायला यायचे. एकदा म्हणाले, "साहेब, मी रोज ते दांडे मोजत होतो. तो रिकामा दिवस मलाही दिसला होता. मला वाटलं, मोबाइलच बिघडला."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं निवृत्तीच्या समारंभात एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, गर्दी किती आहे हे सगळेच बघतात, आपण गर्दी कुणाची आहे ते बघावं. आकडा खरा असतो, पण आकड्यामागची माणसं तो सांगत नाही. त्या शेअरचा खरा बाजार फक्त मंडईच्या दिवशी दिसला, तो ठिपक्याएवढा होता. बाकीचे सगळे उंच दांडे एका खोलीतल्या लाकडी फळीवरून आलेले. टाळ्या पडल्या. पण मला ते उत्तर अपुरं वाटत राहिलं, कारण 'माहेर कुठून आनू' या गाईड बाईंच्या प्रश्नाला ते लागू पडत नव्हतं.

त्या वर्षीच्या मंडईला त्या माहेरी गेल्या नाहीत, हे हवालदार बाईंकडून कळलं. कुणी बोलावलंही नव्हतं. पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो, तेव्हा गाईड बाईंचा फोन आला.

"साहेब, औंदा मंडईले जाऊन पाहातो म्हनतो. तुमी संगं याल का?"

मी बायकोला घेऊन गेलो. कितीतरी वर्षांनी मी बंदोबस्ताशिवाय मंडईला जात होतो, कमरेला पट्टा नाही, खांद्यावर ताऱ्यांची ओळ नाही. धान कापणीला आलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं. गावात शिरलो तर पिपाण्या, जिलेबीच्या कढया, फुगे, सगळं माझ्या लहानपणासारखं. माझ्या बायकोनं मला पिपाणी घेऊन दिली नि म्हणाली, वाजवा आता, वरिष्ठ नाहीत. मी वाजवली.

गाईड बाई त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबल्या. गल्लीतल्या बायका दारांत आल्या, पण पुढे कुणी आलं नाही. 'ये' म्हणावं की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मला वाटलं, आपण यांना इथे येऊ द्यायला नको होतं.

मग समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. वाकलेली, हातात पाण्याचा तांब्या. बायकांनी वाट करून दिली. मला कुणी सांगितलं नाही, तरी ती कोण हे मला कळलं. पोराच्या डोळ्यांची ठेवण आईवरून आली होती. तिचा पोरगा तेव्हा तुरुंगात होता.

ती गाईड बाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यानं तुहं नाव इकलं. तू त्याचं नाव सांगतलं. फिटलं. आता पाय धू आन् जेवाले चाल."

गाईड बाई तिच्या गळ्यात पडून लहान पोरीसारख्या रडल्या. म्हातारीनं त्यांना रडू दिलं, फार वेळ नाही. मग बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळली. मला नखशिखांत पाहिलं.

"माह्या पोराले नेलं ते साहेब तुमीच न?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं तांब्या माझ्याही पुढे धरला. "मंग उभे काऊन? बसा. रस्सा थंडा होऊन राहिला."

मी चपला काढल्या, पाय धुतले आणि पंगतीत जाऊन बसलो.